डी७५० वरून मिररलेसकडे जाताना: ओव्हीएफ की ईव्हीएफ?

तुमचा प्रश्न असा की निकॉनच्या डी७५० वर, म्हणजे आरसा असलेल्या डीएसएलआरवर लग्नं शूट करताय, झेड६ थ्री हा बिनआरशाचा मिररलेस घ्यायचा विचार आहे, पण ओव्हीएफमध्ये (आरशातून थेट दिसणारा फाइंडर) सवय झालेल्याला ईव्हीएफ (फाइंडरमधला छोटा इलेक्ट्रॉनिक स्क्रीन) म्हणजे टीव्ही बघितल्यासारखं वाटतं, डोळे दुखतात, बॅटरी लवकर संपते असं मित्र म्हणतात. डोळ्यांचं आधी उरकून टाकतो. निम्म्या लोकांनी डायॉप्टरचं, म्हणजे फाइंडर आपल्या नजरेला जुळवायचं चाक कधी फिरवलेलंच नसतं राव. फाइंडरमधले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा आणि ब्राइटनेस ऑटोवरून काढून जरा खाली घ्या. ऑटोवर ठेवला की अंधाऱ्या हॉलमध्ये एक्स्पोजरचा अंदाजही चुकतो, त्यामुळे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघायची सवय लावा.

आता कामाचं. डीएसएलआरमध्ये आरसा वर जातो तेव्हाच शटर उघडतं, म्हणजे अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, आणि ज्या क्षणाचा फोटो निघाला नेमका तोच तुम्ही बघितलेला नसतो. दुसरं म्हणजे ८५ एमएम १.४ वर उघडा ठेवून शूट करताना फाइंडरमधली बॅकग्राउंड साधारण २.८ सारखीच दिसते, कारण फोकसिंग स्क्रीन (फाइंडरमधलं चित्र उमटतं ती काच) त्याहून जास्त ब्लर दाखवतच नाही, खरा ब्लर मागच्या स्क्रीनवर कळतो. त्यात फोकसचा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली, म्हणून फ्रंट फोकस-बॅक फोकसची (फोकस हवा त्याच्या पुढे किंवा मागे पडण्याची) कटकट आणि प्रत्येक लेन्सचं फाइन ट्यूनिंग. मिररलेस मेन सेन्सरवरच फोकस करतो, हा सगळा प्रकारच संपला. हळदीच्या मांडवात पिवळ्या कापडामुळे चेहरे कसे येणार तेही क्लिक करायच्या आधीच दिसतं. लग्नाच्या कामाला माझं मत सरळ ईव्हीएफला.

पण एक गोष्ट नवीन माणसाला हमखास अडवते. ग्रुप फोटोला फ्लॅश लावला, १/२००, एफ८, आयएसओ १०० ठेवलं की फाइंडर काळाकुट्ट. कॅमेरा बिघडलेला नसतो, तो फक्त कार्यालयातल्या उजेडाचं एक्स्पोजर दाखवतोय, फ्लॅशचं त्याला काय माहीत. कस्टम सेटिंगमध्ये व्ह्यू मोड आहे, तिथे ‘अ‍ॅडजस्ट फॉर ईझ ऑफ व्ह्यूइंग’ करा म्हणजे फाइंडर उजळ दिसेल, आणि हा पर्याय माय मेन्यूमध्ये टाकून ठेवा, नाहीतर स्टेजवर वीस पाहुणे उभे आणि तुम्ही मेन्यूत शोधताय.

बॅटरीचं मात्र मित्र खरं बोलतात. डी७५० कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये १२३० फोटो देतो, मिररलेस त्याच्या आसपासही नाही, कारण नुसतं फाइंडरमधून बघत बसलात तरी करंट जातोच. सकाळी सीमांतपूजन ते रात्री रिसेप्शन असेल तर खिशात जादा बॅटऱ्या हव्यातच. भिगवणला फ्लेमिंगोसाठी तासन्‌तास डोळा लावून बसणाऱ्यांना ओव्हीएफ सोडवत नाही ते यासाठीच, आणि त्यांचं चुकत नाही. अजून एक, आयपीसवर (फाइंडरच्या डोळा लावायच्या भिंगावर) थेट ऊन पडेल असा कॅमेरा ठेवू नका, भिंगातून येणाऱ्या उन्हाने आतलं पॅनेल जळतं.

आणि लेन्स बॅग तपासा. जुनी ८५ १.८ डी किंवा ८०-२०० डी असेल तर एफटीझेड अडॅप्टरवर (डीएसएलआरच्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) ऑटोफोकस होणार नाही, त्या लेन्सना बॉडीतली मोटर लागते आणि अडॅप्टरमध्ये ती नाही. त्या बदलायचा खर्च धरूनच बजेट काढा, आणि दुकानातल्या उजेडात बघून ठरवू नका, एका मुहूर्ताला भाड्याने बॉडी घ्या आणि डी७५० सोबत असू द्या.