वृद्ध आई-वडिलांसह बँकॉक पाहताना दिवसभरासाठी गाडी ठरवावी का?

आपला प्रश्न असा आहे की, साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन चार दिवस बँकॉकला जायचे असल्यास दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे सोयीचे पडेल का. माझे मत विचाराल तर ठरवू नये. या शहरात किती किलोमीटर जायचे याला फारसा अर्थ नसतो, किती वाजता जायचे याला असतो. सुखुमवित भागातून ग्रँड पॅलेस या राजवाड्यापर्यंतचे आठ-नऊ किलोमीटर सकाळी लवकर सहज पार होतात, आणि त्याच अंतराला संध्याकाळी तासभरही लागतो. दिवसाचे पैसे मोजून सिग्नलला बसून राहण्यापेक्षा नदी आणि रेल्वे यांच्या भरवशावर फिरावे आणि टॅक्सी केवळ गरजेपुरती घ्यावी.

त्यासाठी मुक्कामाची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. सफान ताक्सिन हे स्कायट्रेनचे, म्हणजे उंच पुलावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेचे, स्थानक चाओ फ्राया नदीवरच्या साथोर्न धक्क्याला अगदी लागून आहे. या परिसरात किंवा याच मार्गिकेवर पुढे साला डेंगजवळ राहिल्यास बराचसा त्रास परस्पर वाचतो. स्कायट्रेन १९९९ पासून धावते आणि भुयारी मेट्रो २००४ पासून. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्या चालवत असल्यामुळे एकीवरून दुसरीवर जाताना तिकीट पुन्हा काढावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

साथोर्न धक्क्यावर पर्यटकांसाठीच्या निळ्या झेंड्याच्या बोटीचे तिकीट आग्रहाने पुढे केले जाते. ती वाईट नाही, परंतु स्थानिक लोक ज्या नारिंगी झेंड्याच्या बोटीने जातात तिचे भाडे खूपच कमी, साधारण १६ बाट (थायलंडचे चलन), असते. कंडक्टर बाई हातातली धातूची लांब नळकांडी खुळखुळवत येतात, तिच्यातच नाणी आणि तिकिटे असतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळीच आहे: बोट धक्क्याला जेमतेम टेकते, मागच्या बाजूला उभा असलेला माणूस शिट्टी वाजवून चालकाला इशारा देतो आणि चढउतार होताच ती पुन्हा निघते. म्हणून आपला धक्का येण्यापूर्वीच आई-वडिलांना हळूहळू मागच्या दाराकडे आणून ठेवावे. सेन सेप कालव्यातल्या बोटी मात्र त्यांच्यासाठी टाळाव्यात. तेथे दोरीला धरून कठड्यावरून आत पाय टाकावा लागतो आणि कालव्याचे पाणी अंगावर उडू नये म्हणून प्रवाशांनाच ताडपत्री ओढून धरावी लागते. आपण एकटे असाल तर जरूर बसा, मजा येते.

राजवाड्यासाठी ता चांग धक्क्यावर उतरावे आणि सकाळी साडेआठला दार उघडते त्याच सुमारास पोहोचावे, कारण आवारात सावली कमी आहे आणि दहानंतर फरशी तापते. खांदे आणि गुडघे झाकलेले असणे बंधनकारक आहे. आईंच्या साडीचा प्रश्नच येणार नाही. वाटेत कोणी सभ्य गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून स्वस्त टुकटुक (तेथील तीनचाकी रिक्षा) दाखवू लागले, तर न थांबता पुढे चालावे. ती सफर बहुधा रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते.

आत सर्व जण आवारातल्या मंदिरातील पाचूच्या बुद्धाकडे धावतात. ही मूर्ती प्रत्यक्षात पाचूची नसून हिरव्या जेडची आहे आणि तिची वस्त्रे वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांच्या आरंभी, बदलली जातात. परंतु आपल्या आई-वडिलांना अधिक रमवतील ती मंदिराभोवतीच्या ओवरीतल्या भिंतींवरची रामकियनची १७८ चित्रे. रामकियन म्हणजे थाई रामायण. पांढराशुभ्र मारुती, हिरव्या तोंडाचा रावण आणि लंकेचे युद्ध त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही. एवढे मात्र आधी सांगून ठेवा की, येथील हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येशी त्याचे प्रेमप्रकरण आहे! ओवरीत सावलीही आहे, त्यामुळे येथे घाई करू नये.

तेथून वाट फो हे मंदिर (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) चालत जाण्याजोगे आहे. ४६ मीटर लांबीचा निद्रिस्त बुद्ध तेथेच आहे. समोरच्या ता तियन धक्क्यावरून नाव नदीपलीकडे वाट अरुणला नेते. त्या मंदिराच्या शिखराच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, तेव्हा चिनी मातीच्या तुकड्यांचे नक्षीकाम खालूनच पाहावे. परतताना नावेने अलीकडे येऊन वाट फोजवळच्या सनाम चाय स्थानकातून भुयारी मेट्रो घ्यावी.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरे असलेली ‘जे’, म्हणजे थाई पद्धतीच्या कडक शाकाहारी, भोजनाची दुकाने शोधा. त्यात कांदा-लसूणही नसतो. फाहुरात या भारतीय वस्तीत जेवणाची चिंता उरत नाही.

टॅक्सी ३५ बाटच्या मीटरवर सुरू होते; चालक ठोक रक्कम सांगू लागल्यास सरळ दुसरी थांबवावी. सुवर्णभूमी विमानतळावरच्या रांगेतून टॅक्सी घेतल्यास मीटरवर ५० बाट आणि टोल वेगळा द्यावा लागतो. सामान कमी असेल तर तेथून शहरातल्या फाया थाय स्थानकापर्यंतची रेल्वे अर्ध्या तासात पोहोचवते. तिकीट काढताना विमानतळ नीट पाहून घ्या, कारण काही स्वस्त विमाने डॉन म्युआंगला उतरतात आणि तेथून शहरात येण्यासाठी गडद लाल मार्गिकेची रेल्वे घेता येते.