पेशंट गेल्यावर डॉक्टरांना त्रास होतो, की सवय होऊन जाते?

सवय होते हे अर्धंच खरंय. मी सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनला रेसिडेंट (एमबीबीएसनंतर पुढचं शिकत ड्युटी करणारा डॉक्टर) होतो, एका रात्री बराच वेळ सीपीआर देऊनही (छाती दाबून हृदय चालू करायचा प्रयत्न) पेशंट गेला, बाहेर त्याच्या बायकोला सांगितलं आणि पाच मिनिटांत पुढच्या बेडवर सलाईन लावत होतो कारण रडायला वेळच नव्हता. रडू आलं ते दोन दिवसांनी, मेसमध्ये जेवताना. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी नियमांत ड्युटी सलग १२ तास, आठवड्याला ४८ तास लिहिलीय, आम्ही ३६-३६ तास उभे असायचो. झोप नसली की दुःख पण नीट होत नाही हो, नुसती चिडचिड होते आणि ती बिचाऱ्या नातेवाईकांवर निघते. मला एका सिनियर मॅडमनी चहाला नेऊन सगळं ऐकून घेतलं, तेव्हा कुठे मोकळं वाटलं. असं कोणी नसेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फ्री आहे, २४ तास.