रोडगे-वांग्याच्या जेवणानंतर एका घासाचं, दाण्याचं भाजलेलं गोड काय करता येईल? घरी ओव्हन नाही.

शेंगदाण्याची नानखटाई करा, पण सुपारीएवढी. तुपातल्या रोडग्यांवर मोठी कोणी खात नाही.

साधारण 28 नगांसाठी मैदा 100 ग्रॅम, दाण्याचा कूट 50 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, थिजलेलं तूप 70 ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलची, चिमूटभर मीठ.

बहुतेकांचं बिघडतं ते कुटात. दाणे खमंग भाजून पूर्ण गार करा, सालं पाखडा आणि मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. सलग फिरवलं की तेल सुटतं आणि नानखटाई ताटलीभर पसरते. मे महिन्यात तूप पातळच असतं, तेव्हाही तेच होतं. तूप-साखर पांढरी होईस्तोवर फेटा, बाकीचं हलक्या हाताने मिसळा, मळू नका. मग गोळे वळून 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पसरत नाहीत.

वर चारोळी दाबा. आधी एक दाणा चावून पाहा, कारण जुनी चारोळी खवट निघते.

जाड कढईत दोन बोटं मीठ, त्यावर स्टँड. झाकून 10 मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे अंतर ठेवून मांडा आणि मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं भाजा. पहिली 15 मिनिटं झाकण उघडू नका. तळ बदामी झाला की काढा. तेव्हा मऊच लागतील, गार झाल्यावर खुसखुशीत होतात.

रोडग्यांच्या गोवऱ्यांच्या आरावर मात्र भाजू नका, धुराचा वास तूप लगेच धरतं.