सायकल : घरी काय, दुकानात काय?

प्रश्न : रोज १० किलोमीटर सायकल चालवतो. दर वेळी सर्व्हिसिंगला दुकानातच न्यायला हवी का?

उत्तर : नाही. हवा, चेन आणि ब्रेकचे रबर घरीच सांभाळा. चेन फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या छोट्या गोल नळीवर) तेलाचा एकच थेंब सोडा, पेडल उलटे फिरवा आणि पाच मिनिटांनी वरचे तेल पुसून टाका. नेमके हे पुसणेच लोक विसरतात. मग धूळ चिकटून दाते झिजतात. चेनच्या २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत मोजा. नव्या चेनमध्ये त्या १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदला. १/८ झाली असेल, तर बहुधा फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) गेले. चाकाचा आऊट (फिरताना होणारी डगमग) काढायला मात्र मेकॅनिकच हवा. चुकीचा स्पोक आवळला की रिम आणखी वाकते.