गिधाडं उठली की आपण उठायचं

(मागच्या अंकात स्पेनमधल्या अल्गोदोनालेसला घालवलेल्या माझ्या पॅराग्लायडिंगच्या आठवड्यावर चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या मेसेजचा नुसता ढीग पडलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.)

ताई, कामशेतला पॅराग्लायडिंगचा पी-टू कोर्स केलाय, आता एकदा बाहेर उडायचंय. ग्रुपमधले सगळे तुर्कस्तानात ओल्युदेनिझला चला म्हणतायत, समुद्रावर उडता येतं म्हणून. तुम्ही हे कुठलं आडगाव शोधून काढलंत? (पुणे)

आडगाव आहे खरं. अल्गोदोन म्हणजे कापूस, त्यामुळे नाव आपल्या भाषेत कापूसवाडी वगैरे होईल, आणि गावात आहे काय तर पांढरी घरं, एक चौक, चारदोन बार आणि गिटार बनवणारे कारागीर. पण 2001 ची हँग ग्लायडिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली होती, ती काही उगाच नाही.

ओल्युदेनिझ वाईट असं मी म्हणतच नाहीये हं. बाबादाग डोंगरावर 1700-1900 मीटरवर टेकऑफ, खाली निळंशार पाणी आणि लँडिंग थेट बीचवर, इन्स्टावर जे फोटो बघता ते बहुतेक तिथलेच. आयुष्यात एकदाच टँडम, म्हणजे पायलटबरोबर जोडीने उडी, करायचीय? मग डोळे मिटून तिकडे जा. पण आठवडाभर स्वतः उडून काहीतरी शिकून यायचं असेल तर माझं मत अल्गोदोनालेसला, कारण गावाच्या पाठीशीच सिएरा दे लिखार नावाचा हजार मीटरच्या वर उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्यावर चारही दिशांना तोंड करून टेकऑफ आहेत, म्हणजे वारा फिरला तरी आपण दुसऱ्या बाजूला जायचं, जसं आपण कामशेतला टॉवर हिलच्या टेकऑफचं जमत नसलं की शेलारच्या टेकऑफला पळतो तसंच. समुद्र मात्र पायाखाली नाही, गाडीने तास-दीड तासावर आहे. न उडायच्या दिवशी जायला बरा.

आणि एक गंमत सांगते. तिथे दोन वाऱ्यांशिवाय कुणी बोलतच नाही, लेव्हान्ते आणि पोनिएन्ते. लेव्हान्ते म्हणजे सूर्य उगवतो तिकडचा आणि पोनिएन्ते मावळतो तिकडचा, अगदी आपल्या उगवती-मावळतीसारखं. मी आमच्या गाईडला म्हटलं, मी जिथे उडायला शिकले त्या तालुक्याचं नावच मावळ आहे, तर तो म्हणाला मग तू पोनिएन्तेची.

कोणत्या महिन्यात जावं? सात दिवसांत किती फ्लाइट होतात? पैसे वसूल होतात का? (नाशिक, ठाणे आणि अजून बरेच जण)

वसूल हा शब्द पॅराग्लायडिंगला लावू नका, डोक्याला त्रास होतो.

मार्च ते मे किंवा मग सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आतल्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचे थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे झोत, इतके आडदांड होतात की नवख्याने फक्त सकाळी लवकर आणि संध्याकाळी उडावं, मधे सगळं गाव झोपतं तसं आपणही झोपावं. हिवाळ्यात युरोपातले थंडीला कंटाळलेले पायलट तिथे येऊन बसतात, पण पाऊसही तेव्हाच असतो. ऊन्हाचा प्रदेश म्हणून बेफिकीर राहू नका, कारण जवळच ग्राझालेमा म्हणून गाव आहे तिथे वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर पडतो, स्पेनमधल्या सगळ्यात पावसाळी जागांपैकी एक. कारण आपल्या घाटावरचंच, अटलांटिकवरून आलेले ढग पहिल्यांदा याच डोंगरांना धडकतात.

आता फ्लाइटचं. माझे सातपैकी चार दिवस उडण्याचे झाले. पहिले दोन दिवस लेव्हान्ते असा सुटला होता की टेकऑफवर नुसती टोपी धरून उभं राहायचं. आमच्यातल्या एकाला फार घाई, इतका खर्च करून आलोय, पूर्वेच्या टेकऑफवर तर वारा समोरूनच येतोय ना मग काय हरकत आहे वगैरे. हरकत अशी की आपल्या साध्या ग्लायडरचा वेग ताशी 36-38 किलोमीटर, समोरून 35 चा वारा आला तर तुम्ही जमिनीच्या हिशोबाने जागेवर उभे, आणि त्यात अजून थोडा वाढला तर उलटे मागे, डोंगराच्या पाठीमागे, जिथे वारा भोवऱ्यासारखा गरगरत खाली येतो. त्यालाच रोटर म्हणतात आणि तिथे भलेभले ग्लायडर मिटतात. गाईडने वाद घातलाच नाही, शांतपणे व्हॅन वळवली आणि बारपाशी नेऊन उभी केली. तेव्हा मला पण राग आला होता, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी मात्र मजा. टेकऑफवर सगळे किट पसरून बसलेले, वारा नावाला, कुणीच उठेना. गाईड समोरच्या कड्याकडे बघत होता. त्या भागात मोठाल्या गिधाडांच्या वसाहती आहेत, ग्रिफन म्हणतात ती, पंखांचा पसारा अडीच मीटरच्या आसपास. सकाळी ती कड्यावर बसून असतात, कारण एवढं जड धूड नुसते पंख मारून वर नेणं त्यांना परवडत नाही, ऊन लागून हवा वर चढायला लागेपर्यंत थांबतात. अकरा-साडेअकराला एक उठलं, मग तीन, मग वीस-पंचवीस गोल गोल घिरट्या घालत सरळ वर. गाईड म्हणाला चला. कामशेतला आपण घारींकडे बघून थर्मल शोधतोच, पण इथे एक गिधाड माझ्या डाव्या हाताला, त्याच थर्मलमध्ये, त्याच दिशेने फिरत होतं आणि मान वळवून माझ्याकडे बघत होतं. त्याची पिसं सरकलेली दिसत होती एवढं जवळ. आपल्याकडे मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं गेली (गुरांसाठी ते औषध 2006 ला बंद झालं, तोवर फार उशीर झाला होता), माझ्या आजोळी लहानपणी दिसायची, नंतर नाहीच. तिथे हवेत मला रडायला आलं, व्हेरिओ (वर चढताना वाजणारं यंत्र) आपला टीं टीं करतोय आणि मी रडतेय.

तेव्हा तिकीट काढताना एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि सातातले चार उडण्याचे धरून चला.

आई 61 वर्षांची आहे, गुडघे थोडे दुखतात, टँडम जमेल का? (कोल्हापूर)

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. टेकऑफला पाच-दहा पावलं जोरात पळावं लागतं, आणि सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते, कारण घाबरून लोक पाय उचलून मधेच बसतात. वारा चांगला असेल तर दोन-तीन पावलांत काम होतं, म्हणून पायलटला गुडघ्याचं आधीच सांगा, लपवू नका. वजनही खरं सांगा. लँडिंगला पाय वर, पायलट सांगेल तसं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. तिकडे उपाशी मरू का? (सांगली)

मरणार नाही, पण "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण सॅलडवर ट्यूना येतो आणि त्यांच्या मते तो मासा आहे, मांस नाही. सालमोरेखो म्हणून टोमॅटोचं दाट गार सूप असतं, फार छान, त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात, ते नको म्हणून आधीच सांगा. पालक-छोले मिळतात, हो, खरंच पालक-छोले, जिरं घातलेले! वांग्याची भजी वर मध किंवा काकवी घालून. दुपारचं जेवण दोनच्या आधी मागू नका, किचनच चालू नसतं. आणि चटणी घेऊन जाच.

इन्शुरन्स आणि किटचं काय? एकटीने जाणं सेफ आहे का? (डोंबिवली)

शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, पण आपल्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत पॅराग्लायडिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा आणि अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं वेगळं घ्या. शिवाय तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर वेगळं, ते पण तिथे विचारतात. लायसन्सचं आंतरराष्ट्रीय आयपीपीआय कार्ड आपल्या स्कूलकडून आधी करून घ्या. किट पंधरा किलोच्या पुढे जातं, बॅगेजचा हिशोब तसा करा. ग्लायडर भाड्याने घेणार असाल तर किटसकट एकूण वजन कळवा, साइज त्यावर ठरतो.

एकटीने जायला माझी काहीच ना नाही, मी एकटीच गेले होते. फक्त गाईडवाला ग्रुप घ्या, रेडिओवर बोलणारा आणि कुठेही उतरलात तरी व्हॅन घेऊन येणारा. मी चौथ्या फ्लाइटला एका ऑलिव्हच्या बागेत उतरले, रस्ता दिसेना, भाषा येईना, म्हाताऱ्या मालकाने ग्लायडर घडी करायला मदत केली आणि वर एक संत्रं दिलं. व्हॅन यायला तास लागला.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवू नका, हिमाचलच्या बीर-बिलिंगवर स्वतंत्र लिहिणार आहे.)