सेप्सिसमधली किडनी बघताना

बाबू, नागपुरात पाऊस लागला की आयसीयूत स्क्रब टायफसचे (माइटच्या चाव्यातून होणारा ताप) पेशंट सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव ढासळलेल्या अवस्थेत, येतातच. क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे किडनी मंदावलेली; तिला आणखी त्रास नको म्हणून सीटीचा डाय द्यायला हात धजत नाही. तिथे अल्ट्रासाऊंडसाठी शिरेतून द्यायचे हे काँट्रास्टचे सूक्ष्म बुडबुडे कामाचे: रक्तवाहिनीतच राहतात, आतला सल्फर हेक्झाफ्लोराइड श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही.

व्हायल हलवून लगेच ओढ. बारीक सुईतून जोरात ढकललंस तर बुडबुडे फुटतात, म्हणून 20 गेजची कॅन्युला, मागून सलाईन. एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, ध्वनिलहरींचा जोर) कमीच ठेव. मग एक फ्लॅश (क्षणभर जोरदार लहर) मारून बुडबुडे फोड आणि कॉर्टेक्स (किडनीचा बाहेरचा थर) किती सेकंदांत पुन्हा उजळतो ते बघ. खरी गंमत तिथेच, किडनीत रक्त किती वेगाने पोचतंय ते त्यातून कळतं. गेन-डेप्थला (चित्राचा उजेड आणि खोली) मध्येच हात लावू नकोस. मी लावला होता, अख्ख्या दुपारच्या क्लिप्स वाया गेल्या. आणि हो, नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनलिन, बीपी चढवणारं औषध) किती चालू होतं तेही तेव्हाच लिही.