अर्बुदे ‘प्रस्थापित’ होतात का?

प्रश्न फोंड्याहून आला आहे. विचारणाऱ्या ताई जीवशास्त्र शिकवतात आणि विद्यार्थ्यांसाठी एक लेख मराठीत लिहीत आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगावरची औषधे पारखायची तर प्रयोगशाळेत आधी उंदरांना तो रोग जडवतात आणि मग तो कसा वाढतो ते पाहतात, हा लेखाचा विषय. शीर्षक त्यांनी दिले आहे ते असे: ‘उंदरांमध्ये मूत्राशय अर्बुदे प्रस्थापित करणे व त्यांचे संनियंत्रण’. व्याकरण बरोबर, तरी वर्गात वाचून दाखवले तेव्हा मुले हसली. कुठे बिघडले, असे त्या विचारतात. शिवाय लेखातल्या तक्त्यातले दोन शब्द अडले आहेत.

मुले हसली ती बहुधा ‘प्रस्थापित’वर. मराठीत प्रस्थापित होते ती सत्ता, संबंध, एखाद्याचे नाव. गोव्यात निवडणूक जवळ आली की ‘प्रस्थापितांना धक्का’ हा मथळा ठरलेलाच. तो शब्द अर्बुदाला, म्हणजे गाठीला, लावला की गाठच उमेदवार वाटू लागते. कोशात ‘एस्टॅब्लिश’ या इंग्रजी शब्दासमोर ‘प्रस्थापित करणे’ छापलेले असते हे खरे, पण इथे कोश बाजूला ठेवून उंदराचे प्रत्यक्षात काय करतात ते बघावे. क्रियापद त्यातूनच मिळते.

एका पद्धतीत बाहेर वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मूत्राशयात सोडतात. त्यासाठी बहुधा मादी घेतात, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड आणि सरळ असतो. भूल देऊन बारीक मऊ नळी आत घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि पेशी मिसळलेले फार तर एक दशांश मिलिलिटर द्रव आत सोडायचे. पण नुसते सोडून भागत नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर एक निसरडा थर असतो, त्यावर काही चिकटत नाही. चिकटू नये म्हणूनच तो असतो. म्हणून आधी ते अस्तर थोडे दुखावून किंवा खरबरीत करून घेतात. कुणी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब वापरतो, कुणी विजेचा हलका चटका देतो, कुणी पॉलीलायसिन लावून पेशींना धरायला जागा करून देतो. त्यानंतर साधारण तासभर ते द्रव आतच राहू देतात.

याला मराठीत ‘रुजवणे’ म्हणतात. रुजण्यासाठी जमीन तयार करावी लागते, आणि एवढे करूनही बी रुजेलच असे नाही. ही अनिश्चितता ‘रुजवणे’त आहे, ‘प्रस्थापित करणे’त नाही. आपल्याकडे कोकणीतही ‘रुजप’ आहेच, म्हणजे वर्गातल्या कुणालाच अर्थ सांगावा लागणार नाही. ‘रोपण’ मात्र नको. अख्खा तुकडा किंवा अवयव एकीकडून काढून दुसरीकडे बसवला तर रोपण. इथे पेशी सोडलेल्या असतात, बसवलेल्या नसतात. आणि ‘टोचणे’ तर नकोच, कारण सुई कुठे आलीच नाही.

तक्त्यातला पहिला अडलेला शब्द इथेच सुटतो. किती उंदरांत गाठ खरोखर तयार झाली त्या प्रमाणाला ताईंनी ‘ग्रहण दर’ लिहिले आहे. ग्रहण म्हटले की मराठी माणूस आधी आकाशाकडे बघतो. मानकुराद आंब्याचे कलम बांधणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून विचारत असतो, ‘कलम धरले का?’ तेच क्रियापद घ्यावे: ‘दहापैकी आठ उंदरांत गाठ धरली.’ तक्त्याच्या डोक्यावर ‘गाठ धरण्याचे प्रमाण’.

दुसऱ्या पद्धतीत मात्र ‘रुजवणे’ही चालणार नाही, आणि ताईंच्या लेखात दोन्ही पद्धती एकाच क्रियापदाखाली आल्या आहेत. बीबीएन नावाचे एक रसायन आहे, नायट्रोसमाइन वर्गातले. या वर्गातली काही द्रव्ये तंबाखूच्या धुरातही असतात. बीबीएन पिण्याच्या पाण्यात ०.०५ टक्के मिसळून उंदरांना कित्येक आठवडे, पुष्कळदा १२ ते २०, देतात. इथे बाहेरून एकही पेशी आत जात नाही. उंदराचे स्वतःचे अस्तर आधी जाड होते, पेशींची ठेवण बिघडते आणि शेवटी रोग स्नायूंत घुसतो. म्हणजे गाठ रुजवलेली नाही, ती उद्भवली. ‘रसायन देऊन गाठी उद्भवू देणे’ किंवा सरळ ‘रोग घडवणे’ म्हणावे. हा फरक शब्दांचा कीस काढण्यासाठी नाही: पहिल्या पद्धतीत रोग काही आठवड्यांत समोर येतो, दुसरीत महिने जातात, पण माणसाला धूम्रपानाने होणाऱ्या रोगाशी दुसरीचे साम्य अधिक. दोन्हींना एकच क्रियापद दिले तर हे सगळे पुसले जाते.

तोच इंग्रजी शब्द विशेषण म्हणूनही येतो, औषध सुरू करण्याआधीच नीट जम बसलेल्या गाठीसाठी. तिथे ‘मूळ धरलेली गाठ’ म्हणा.

आता ‘संनियंत्रण’. सरकारी समित्यांच्या नावात हा शब्द बरा शोभतो. विज्ञानाच्या लेखात तो घोटाळा करतो, कारण प्रत्येक प्रयोगात औषध न दिलेला ‘नियंत्रण गट’ असतो. पुढच्याच ओळीत ‘नियंत्रण गटाचे संनियंत्रण’ आले की वाचणारा गळाठतो. आणि संशोधक इथे गाठीचे नियंत्रण करतच नाही, ती वाढते कशी ते पाहतो. ‘देखरेख’ केली तर काम नीट पार पडावे ही इच्छा त्यात येते. ‘मागोवा’ सरलेल्या गोष्टींचा घेतात. ‘पाळत’ पोलिसांची. माझा कौल ‘वाढीवर लक्ष ठेवणे’ याला.

लक्ष कसे ठेवतात ते ताईंनी दोन ओळींत उरकले आहे, ते थोडे वाढवावे असे वाटते. लघवीत रक्त दिसते का, वजन घटते का, हे रोजचे. मग उंदराच्या मापाची सोनोग्राफी. सर्वांत सुंदर युक्ती काजव्याची. काजव्याचे प्रकाश पाडणारे वितंचक (एन्झाइम), ल्युसिफरेज, तयार करणारे जनुक त्या पेशींत आधीच घातलेले असते. तपासणीच्या दिवशी उंदराला ल्युसिफेरिनचे, म्हणजे ज्यावर हे वितंचक काम करून उजेड पाडते त्या द्रव्याचे, इंजेक्शन द्यायचे (इथे खरोखरच सुई आहे), भूल देऊन अंधाऱ्या पेटीत ठेवायचे आणि अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने पोटातून येणारा उजेड मोजायचा. जिवंत पेशी जितक्या जास्त तितका उजेड जास्त, आणि उंदीर मारावा लागत नाही. एमबी-४९ या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या पेशी ज्या वाणाच्या उंदरांत वाढवतात तो काळा असतो. काळे केस उजेड गिळतात, म्हणून पोटावरचे केस आधी काढतात. कोकणी घरातल्या मुलांना ‘काजुलो’ म्हणून सांगा, लगेच पोचेल.

‘अर्बुद’ की ‘गाठ’? अर्बुद जुना आणि नेमका शब्द आहे. सुश्रुताने त्याची लक्षणे दिली आहेत: गोल, स्थिर, कमी दुखणारे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे. शिक्षकांसाठीच्या टिपणात तो जरूर ठेवा. पण बांबोळीच्या सरकारी इस्पितळात रुग्णासोबत आलेली माणसे ‘लघवीच्या पिशवीत गाठ आहे’ असेच सांगतात, आणि लेख शाळेतल्या मुलांसाठी आहे. तेव्हा शीर्षकात गाठ. एक सावधगिरी: या रोगाचा एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो, त्यात गाठ नसतेच. तिथे ‘सपाट कर्करोग’ म्हणा. ‘मूत्राशय’ मात्र शीर्षकात राहू द्या, फक्त पहिल्या परिच्छेदात ‘म्हणजे लघवीची पिशवी’ असे जोडा, नाहीतर निम्मी मुले मूत्रपिंड समजतील.

‘उंदरांमध्ये’ हा शब्द इंग्रजी ‘इन’चे ओझे वाहतो आहे. उंदरांमध्ये म्हणजे अनेक उंदरांच्या घोळक्यातही होते. गाठ उंदराच्या मूत्राशयात आहे, मग षष्ठी वापरून मोकळे व्हावे: ‘उंदरांच्या मूत्राशयात कर्करोगाची गाठ रुजवणे आणि तिच्या वाढीवर लक्ष ठेवणे’. दुसरी पद्धतही शीर्षकात हवी असेल तर ‘रुजवणे’च्या जागी ‘घडवणे’. कुणी ‘मूषक’ सुचवतील. चतुर्थीला आरतीत ठीक आहे.

तक्त्यातला दुसरा शब्द: शेवटच्या रकान्यात ताईंनी ‘बळी दिलेले उंदीर’ लिहिले आहे. इंग्रजी लेखांत तसा शब्द चालतो, मराठीत त्याने डोळ्यांपुढे देवळापुढचा कोंबडा येतो. प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते आणि उंदराला कुठल्या टप्प्यावर थांबवायचे हे आधी लिहून द्यावे लागते. वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेले, पुष्कळ ठिकाणी ती २० टक्के घटीची असते, किंवा रक्ताच्या गुठळीने लघवी अडली, की त्याला वेदना न होऊ देता मारतात. म्हणून रकान्यावर ‘दयामरण दिलेले’ लिहावे, आणि जे रोगानेच दगावले त्यांचा रकाना वेगळा ठेवावा.